ठशाबरहुकूम

शुद्धीवर येताना म्हातारी माणसं बरळतात, हे त्या इस्पितळातल्या नव्या नर्सना आता फक्त ऐकून ठाऊक होतं. मिरजेच्या त्या इस्पितळात ऑपरेशननंतरच्या खोलीत गोंधळ असा उरलाच नव्हता. सत्तरी-पंच्याहत्तरीचे आजोबा डोळे उघडत, क्षणभर छताकडे बघत आणि भूल चढताना अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करून टाकत. एका आजींनी तर डोळे उघडल्याबरोबर, "आणि वरनं कोथिंबीर," असं म्हणून आमटीची कृती संपवली होती. नर्स पोट धरून हसल्या. यंत्रापाशी उभ्या असलेल्या डॉ. वामन सातवेकरांनी नुसती मान हलवली आणि ते खोलीबाहेर गेले. कुणी आपलं कौतुक करील अशी शंका आली की तिथून निघून जायची त्यांची जुनी खोड होती.

सातवेकर भूलतज्ज्ञ. पेढे सर्जनला मिळतात. भूल कुणी दिली हे रुग्णाला आठवतसुद्धा नाही. भुलीचा डॉक्टर भेटतो तेव्हा रुग्ण घाबरलेला असतो आणि निरोप घेतो तेव्हा झोपलेला. सातवेकरांना हे सोयीचं वाटे. "सातवेकर, तुम्ही ही शाखा घेतलीत ती पेशंटशी बोलायला लागू नये म्हणून," असं सर्जन हुक्केरी त्यांना चारचौघांत ऐकवत, आणि सातवेकर ओशाळून हसत, कारण ते खरं होतं.

मात्र एका गोष्टीचा ध्यास या बुजऱ्या माणसाने उभा जन्म सोडला नाही. त्यांचे थोरले काका ग्रंथपाल होते. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्यांना अंधारात सांगता येई. मांडीचं हाड जोडून घेऊन ते घरी आले आणि मरेपर्यंत चादरीच्या कडा दुमडत बसले. हाड उत्तम जुळलं होतं. भूल उतरली होती, पण काका परत आले नव्हते. म्हातारपणी असं का होतं, हे शोधण्यात सातवेकरांची तरुण वर्षं गेली, आणि ते होऊ नये म्हणून काय करावं, हे शोधण्यात उरलेली.

मिरज तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या लोकांना समजावताना सातवेकर तंबोऱ्याचाच दाखला देत. तंबोरा परगावी न्यायचा तर तारा सैल करतात, तिथे पोचल्यावर पुन्हा लावतात. लावणाऱ्याचा कान शाबूत असेल तर तंबोरा पूर्वीसारखा बोलतो. भूल देणं म्हणजे मेंदूच्या तारा सैल करणं. तरुण मेंदू जागा होताना आपल्या तारा आपणच लावून घेतो. म्हाताऱ्या मेंदूचा कान गेलेला असतो. तो भलत्याच पट्टीत लागतो, आणि मग घरातली माणसं परकी वाटायला लागतात.

यावर सातवेकरांनी जो उपाय काढला त्याला ते 'परतवाट' म्हणत. ऑपरेशनच्या सकाळी रुग्णाच्या डोक्याला जाळीची टोपी घालून त्याच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची सगळी ठेवण उतरवून घ्यायची. हा झाला 'मनठसा'. ऑपरेशन संपलं की यंत्र भूल हळूहळू उतरवी आणि प्रत्येक पायरीवर त्या ठशाशी ताडून बघत मेंदूला जुन्या पट्टीत आणून सोडी. लागलेल्या तारा पुन्हा घसरू नयेत म्हणून तंबोऱ्याच्या खुंटीला खडू लावतात, तसं शेवटी 'स्थिरक' नावाचं औषध द्यायचं. महिन्या-दोन महिन्यांत ते शरीरातून निघून जाई. निदान तसं धरलेलं होतं.

ठसा घेताना रुग्ण शांत असायला हवा. म्हणून सातवेकरांनी सूचनांमध्ये एक वाक्य घातलं होतं: ठशाआधी रुग्णाला कोणतीही धक्कादायक बातमी सांगू नये. खरं तर ते लिहायची गरज नव्हती. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, असं म्हणत आपल्याकडे माणसं मरणसुद्धा दडवून ठेवतात. सातवेकरांनी रीतीला नियमाचं रूप दिलं, एवढंच.

उपाय लागू पडला की नाही हे ठरवायला आकडे लक्षात ठेवायच्या, चित्रं ओळखायच्या चाचण्या होत्या. पण सातवेकरांचा खरा भरवसा घरच्यांना विचारायच्या एका प्रश्नावर होता: माणूस पहिल्यासारखा आहे का? बहुतेक सगळे हो म्हणत. चार राज्यांतल्या इस्पितळांनी परतवाट उचलली, आणि तरी सातवेकरांना रोज झोपताना वाटे, आपलं कुठेतरी चुकत असणार.

एका दुपारी त्यांच्या खोलीत चाळिशीची एक बाई आली. हातात तोच प्रश्न छापलेला इस्पितळाचा कागद होता, कोरा.

"मी सुनंदा मगदूम. भूपाल मगदुमांची सून. साखर कारखान्यात होते ते. तुमच्याकडं आतड्याचं ऑपरेशन झालं, गणपतीच्या आधी."

"हो, हो. काही त्रास होतोय का त्यांना?"

"त्रास काय नाही. इथं विचारलंय, माणूस पहिल्यासारखा आहे का. तिथं हो लिहायचं का नाही, ते विचारायला आले."

सातवेकरांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली आणि पदराशी न खेळता, न रडता, हिशोब सांगावा तसं सांगत गेली.

"ऑपरेशनच्या आठवड्यात माझे मालक गेले. सुकुमार. चाकणला कंपनीत होते, मोटरसायकलवरनं जाताना. एकुलता एक मुलगा. आम्हाला मूलबाळ नाही. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, इथं ॲडमिट करायचं ठरलेलं. सगळे म्हणाले, आत्ता कळलं तर म्हातारा टेबलावरच जाईल. मग तिकडंच सगळं उरकलं. मामांना सांगितलं, मावशीला बरं नाही, पुण्याला जाऊन येते. आले ती कुंकू लावून, मंगळसूत्र घालून. तुमच्या कागदावरपण होतं की, काही सांगू नका म्हणून."

"होतं," सातवेकर म्हणाले.

"घरी आल्यावर जरा हिंडायफिरायला लागले, तेव्हा सांगितलं. लई रडले. मला जवळ घेतलं, म्हणाले, पोरी, आता तूच माझा मुलगा. सकाळी उठले, चहा घेताना म्हणतात, सुकुमारचा फोन नाही आला काल?"

सातवेकरांनी मगदुमांची फाइल पुढे ओढली.

"पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढंच रडले, पहिल्यांदाच कळल्यासारखं. सकाळी पुन्हा, फोन नाही आला? असं किती वेळा करायचं? सोडून दिलं. आता रोज कुंकू लावून चहा नेऊन देते. पतसंस्थेत कामाला जाताना कोपऱ्यावर पुसते, येताना तिथंच परत लावते. बायका बघतात. तोंडावर कोणी काही बोलत नाही एवढंच."

"बाकी गोष्टी विसरतात का? नावं, आकडे?"

"कुठलं? नव्या गॅसवाल्याचा नंबर पाठ आहे. आमच्या पतसंस्थेत नवा मॅनेजर आलाय, त्याची सगळी कुंडली सांगतील. कांदा परवा काय भाव होता विचारा. डोकं शाबूत आहे, डॉक्टर. फक्त मुलगा मरत नाही."

त्या आठवड्यात सातवेकरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जुन्या रुग्णांच्या घरी स्वतः फोन लावले. समोरून कुणी उचलू नये अशी मनात प्रार्थना करत एकेक नंबर फिरवला. लोक आनंदाने बोलत. एका घरी सांगितलं, आई फार लवकर सावरल्या हो, बाबा गेल्याचं चौथ्या दिवशी नावसुद्धा काढलं नाही, देवाची कृपा. एका घरी पणजोबा पणतीला रोज सकाळी पहिल्यांदा बघितल्यासारखे हरखून बघत. घरच्यांनी त्याचा व्हिडिओ करून नातेवाइकांत फिरवला होता. तक्रार कुणाचीच नव्हती.

हळूहळू सगळं जुळत गेलं. जे मनाच्या ठेवणीत बसतं, ते राहतं: भाव, नंबर, नावं. पण काही गोष्टी माणसाला बदलल्याशिवाय आत येत नाहीत. मुलगा गेला हे कळायचं असेल तर मनाच्या सगळ्या तारा थोड्या थोड्या सरकाव्या लागतात. दिवसभर त्या सरकतातही. रात्री झोपेत मेंदू दिवसाची आवराआवर करतो, तेव्हा स्थिरक त्यांना ओढून पुन्हा ठशावर आणून ठेवतं. आधी ज्यांच्यावर चाचण्या केल्या त्या तरुण प्राण्यांच्या शरीरातून ते औषध निघून गेलं होतं. म्हातारी शरीरं ते सोडतच नव्हती. आणि हे कुणाच्या लक्षात येणार कसं? सातवेकरांनीच मोजायचं ठरवलं होतं ते एवढंच, की माणूस बदलला नाही ना.

हुक्केरींना त्यांनी हे सांगितलं तेव्हा हुक्केरी चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे म्हातारी माणसं दुःख विसरतात. बरं मग? तक्रार कुणाची आहे?"

"एका सुनेची," सातवेकर म्हणाले.

"सुनेची तक्रार असतेच हो."

नव्या रुग्णांना स्थिरक देणं सातवेकरांनी त्याच दिवशी थांबवलं. ज्यांना दिलं होतं, त्यांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुनंदा पुन्हा आली तेव्हा त्यांनी तिला काही लपवलं नाही. स्थिरक काढायचं औषध नाही. पुन्हा भूल देऊन ठसा बदलता येतो. ठशाशिवाय जागं केलं तर सत्तरी ओलांडलेला हा मेंदू बहुधा भ्रमात जाईल, माझ्या काकांसारखा. मग राहतं एकच. मुलाची बातमी सांगायची आणि ती मनात असतानाच नवा ठसा घ्यायचा. तो ठसा टिकेल.

"म्हणजे त्यांना कायम ठाऊक राहील?"

"राहील. पण नुकतंच कळल्यासारखं राहील. दुःख कमी होणं हाही बदलच. तो होणार नाही."

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा आहे."

ठरल्या दिवशी भूपाल मगदूम उपाशीपोटी इस्पितळात आले. मागच्या टाक्यांची तपासणी आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. उंच, हाडापेराने मजबूत, बोलका माणूस. ठशाच्या खोलीत नातेवाइकांनी थांबायचं नाही हा नियम. ओळखीचा चेहरा समोर असला की लहरी हलतात. त्यामुळे सुनंदा बाहेर बाकावर बसली. आत सातवेकर, यंत्र चालवणारा तंत्रज्ञ आणि म्हातारा. सातवेकरांनी आदल्या संध्याकाळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"अण्णा, एक वाईट बातमी आहे. सुकुमारचा अपघात झाला. मोटरसायकलवर होता. तो गेला."

म्हाताऱ्याने डोक्यावरची आपली पांढरी टोपी काढून मांडीवर घेतली. ती सरळ केली. पुन्हा सरळ केली.

"कोण म्हणालं?"

"पोलिसांनी कळवलं. खरं आहे, अण्णा."

मग म्हाताऱ्याने एकदम दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सुनंदाला कळलं नाही अजून."

सातवेकर काही म्हणणार तोच तो पुढे बोलू लागला. "सकाळी डबा भरत होती. कपाळाला कुंकू, गुणगुणत होती काहीतरी. तिला काय ठाऊक नाही. डॉक्टर, तिला एकदम सांगू नका. पोर उभी कोसळंल. आधी मला सावरू द्या, मग मी बघतो कसं सांगायचं ते. तेवढं करा."

त्या क्षणी सांगायला हवं होतं की तिला कित्येक महिन्यांपासून ठाऊक आहे. ती गुणगुणत होती ती तुमच्यासाठी. पण म्हातारा त्यांचा हात धरून होता, आणि हात धरलेल्या माणसाशी वाद घालणं सातवेकरांना कधी जमलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी त्याला उरलेलं समजावलं. पहिल्या ऑपरेशनमध्ये दिलेल्या औषधामुळे तुमचं मन मोठी गोष्ट धरून ठेवत नाही. उद्या सकाळी ही बातमी तुम्हाला आठवणार नाही. आठवावी असं वाटत असेल तर आत्ता ठसा घेऊन पुन्हा भूल द्यावी लागेल. पण मग दुःख ओसरायचं नाही. रोज आजच्याएवढंच.

"ओसरावं असं मी कुठं म्हणतोय?" म्हातारा म्हणाला. "पोरगा गेलाय आणि बाप सकाळी उठून चहा मागतोय, हे बरं दिसतं का? मला ठाऊक पाहिजे."

जाळीची टोपी चढवली. म्हातारा डोळे मिटून पडून राहिला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत जात होतं आणि ओठ हलत होते. सुनेला काय आणि कसं सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत असावा.

"सर, लहरी फार हलतायत," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. "शांत व्हायची वाट बघू या का?"

"नको. घे असाच," सातवेकर म्हणाले.

म्हातारा जागा झाला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "ठाऊक आहे मला." सातवेकरांनी बाहेर येऊन सुनंदाला तेवढंच सांगितलं. तिने दोन्ही हात जोडले.

महिन्याभराने, एका शनिवारी, ती फेरतपासणीला आली. कागद भरलेला होता. 'माणूस पहिल्यासारखा आहे का?' यापुढे तिने 'हो' लिहिलं होतं. कपाळाला कुंकू होतं.

सातवेकरांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाकडे. "म्हणजे उपयोग झाला नाही? विसरले?"

"विसरले नाहीत. एक दिवस नाही." ती खुर्चीत टेकली. "पहाटे उठतात. न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात, मोठा. त्या आवाजात रडतात. मग तोंड धुऊन बाहेर येतात, आणि मी चहा दिला की हसत विचारतात, काय गं, सुकुमारचा फोन आला होता का?"

"का?"

"मला संशय येऊ नये म्हणून. त्यांच्या लेखी मला अजून कळलेलं नाही ना. रोज सकाळी नाहीच कळलेलं. आधी मी एकटी नाटक करत होते, आता दोघं करतो. बाहेरनं बघणाऱ्याला काही फरक नाही. तोच चहा, तोच प्रश्न. म्हणून हो लिहिलं."

सातवेकरांच्या डोळ्यांपुढे तो खाली आणलेला आवाज आणि हातावरची पकड उभी राहिली. मग आपण उच्चारलेला तो एक शब्द, 'बरं'. तोही त्या ठशात कायमचा बसला होता. हे त्यांनी तिला सांगितलं; सांगताना ते टेबलाकडे बघत होते.

"असेल," सुनंदा म्हणाली. तिने त्यावर राग धरला नाही, आणि त्यांना माफही केलं नाही. "तुम्ही खरं सांगितलं असतं, तरी त्यांनी मलाच सावरलं असतं. तसेच आहेत ते."

"तुम्ही त्यांना सांगून बघितलं का, की तुम्हाला ठाऊक आहे?"

"सांगते की. रविवारी सांगते. सुट्टी असते मला. कुंकू न लावता चहा घेऊन जाते. ते बघतात आणि कप खाली ठेवतात. मग दोघं बसतो. ते त्याच्या लहानपणाचं सांगतात, कृष्णेच्या पुरात घाटावर पोहायला गेलेला, मार खाल्लेला. मी लग्नानंतरचं सांगते. रडतो. दुपारी पिठलंभात करते, एका ताटात जेवतो. सोमवारी पुन्हा नळ."

सातवेकर उठून कपाटापाशी गेले, आणि तिथे काही घ्यायचं नाही हे आठवून परत आले.

"सुनंदाबाई, पहिला ठसा आम्ही ठेवलेला आहे. अपघात ठाऊक नसलेला. त्यांच्या हृदयाला आणखी एकदा भूल झेपेल, त्यापुढे नाही. तुम्ही म्हणत असाल तर त्यांना त्या ठशावर परत नेता येईल. त्यांचा त्रास तरी संपेल."

"म्हणजे परत मी एकटीच?"

सातवेकर खुर्चीत बसले.

"चार महिने त्या घरात माझा नवरा फक्त माझ्यापुरता मेला होता," ती म्हणाली. "शेजारीपाजारी दार लावून रडा म्हणायचे, म्हाताऱ्याला ऐकू जाईल. आता आठवड्यात एक दिवस का होईना, घरात दोघं आहोत."

"पण ते सातही दिवस त्यातच असतात." सातवेकर इतकं सरळ कधी कुणाशी बोलले नव्हते. "तुमचं दुःख हळूहळू उतरेल. वर्षाने, दोन वर्षांनी. तुम्हाला नको वाटलं तरी उतरेल. त्यांचं उतरणार नाही. ते रोज पहिल्याच दिवशी असतील."

"ते तुम्ही आधीच सांगितलं होतं."

"हो."

"एकदाच भूल देता येईल म्हणालात ना?"

"एकदाच."

सुनंदाने कागद त्यांच्या बाजूला सरकवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. बराच विचार करून, मनाशी ठरवून आलेली बाई होती ती.

"मग माझं उतरलं की येते," ती म्हणाली. "तेव्हा करा जुनं. तोवर असू दे."

तिला क्रूर म्हणावं, तर ती करत होती ते त्यांच्याच यंत्राने शक्य केलेलं होतं. तिच्याजागी दुसरं कुणी वेगळं वागलं असतं, असंही त्यांना प्रामाणिकपणे म्हणवेना.

ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली. "उद्या रविवार," ती दारातून म्हणाली. "डाळीचं पीठ संपलंय, जाता जाता घ्यायला पाहिजे."